काकूने ‘द्या’ म्हटल्याशिवाय

समजा, तुमच्यासमोर लाकडी घोडीवर पेट्रोलची एक टाकी ठेवली आहे. गाडी साठ वर्षांपूर्वीची, तेव्हा टाकीही तेवढ्याच वयाची. कालच तुम्ही ती गाडीखालून सोडवली आणि उरलंसुरलं पेट्रोल डब्यात ओतलं. रंगाने ते कपात विसरलेल्या चहासारखं होतं. मग आत साबणाचं गरम पाणी घातलं, हातभर साखळी सोडली आणि दोघांनी दोन टोकं धरून टाकी खळखळा हलवली. विटकरी चिखल बाहेर आला. मग गंज खाणारं ॲसिड, ॲसिड मारायला सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी, शेवटी ब्लोअरची गरम हवा. आता टाकी आतून राखाडी आणि स्वच्छ दिसते. आत छोटा बल्ब सोडला तर तळाला सुईच्या टोकाएवढ्या तीन भोकांतून उजेड येतो. ही भोकं कथलाने बुजवायची, मग आत सीलर ओतून टाकी सगळ्या अंगांवर फिरवायची, म्हणजे आतून एकसंध थर बसतो. झालं काम.

फक्त कथील वितळवायला आग लागते.

गॅसचा बर्नर तुमच्या हातात आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं आहे. भरलेली पेटते, रिकामी फुटते. पत्र्याच्या दुमडलेल्या शिवणीत, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत बसवलेल्या आडव्या पडद्यामागे चमचाभर जुनं पेट्रोल दडून बसलं असेल तर तेवढं पुरे होतं. आता सांगा, बर्नर पेटवाल?

माझा काका पेटवायचा. काकूने ‘द्या’ म्हटलं की.

त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे रेडिएटर आणि टाक्या दोन्ही यायचे. आता नव्या गाड्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या, त्यामुळे जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे लोकच येतात. ते लांबून येतात आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारतात, “नाकवाल्या काकू कुठे राहतात?” काका ऐकून खोटाखोटा रुसतो. “तीस वर्षं हात मी भाजतोय आणि नाव हिच्या नाकाचं!”

हे नाक कामाला लागलं त्याची गोष्ट दोघंही सांगतात, प्रत्येक जण आपापल्या सोयीने. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काकू चहा घेऊन शेडच्या दारात आली आणि म्हणाली, “अहो, अजून वास येतोय.” काका म्हणाला, तीनदा धुतली आहे, काही येत नाही. त्याला येणारच नव्हता. दिवसभर वासात उभं राहिलेलं नाक थकतं. मला हे कॉलेजात आलेखासकट शिकवलं, काकूला ते चहाचा कप हातात असताना कळलं. तिने हट्टच धरला. शेवटी काकाने तिला गप्प करायचं म्हणून लांब काठीला चिंधी बांधून पेटवली आणि भिंतीआडून टाकीच्या तोंडाशी नेली. टाकी धप्पकन उडाली, तोंडावर नुसतं टेकवलेलं झाकण छताच्या पत्र्यातून आरपार गेलं. छताला ते भोक अजून आहे. आयुष्यभर लोकांची भोकं बुजवणाऱ्या माणसाने ते बुजवलेलं नाही. काकू म्हणते आळस आहे. काका म्हणतो आठवण आहे.

त्या दिवसापासून नियम ठरला. टाकी धुण्याच्या दिवशी काकू शेडमध्ये पाऊल टाकत नाही. वासाचा साबण नाही, केसांना तेल नाही. टाकी वाळली की काका हाक मारतो आणि पाठ करून उभा राहतो, म्हणजे त्याच्या चेहऱ्याची घाई तिला दिसू नये. ती एकदा तोंडाशी वाकून वास घेते. मग बाहेर नळापाशी जाऊन शंभर आकडे मोजते, परत येऊन दुसऱ्यांदा घेते. मग टाकीवर उकळतं पाणी ओततात, पत्रा हाताला चटका देईल इतका तापला की तिसरा वास. “थंड टाकी खोटं बोलते,” असं तिचं म्हणणं. तिन्ही वेळा काही आलं नाही तर ती म्हणते, “द्या.” एवढंच. मग काका काडी ओढतो.

कुणी गिऱ्हाईक विचारायचं, “तपासायला मशीन नाही का?”

“आहे की,” काका म्हणायचा. “आत कपड्यांच्या घड्या घालतंय.”

प्रत्येक टाकीचं एक रबरी कडं बदलावं लागतं. पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा काटा टाकीत जिथे बसतो, त्या तोंडाखालचं. जुनं कडं फुगलेलं, चिरलेलं असतं. काकू ते फेकत नाही, शेडच्या दाराशी आडव्या ताणलेल्या तारेत ओवून ठेवते. ताजं कडं नेहमी उजवीकडे. तारेच्या डाव्या टोकाची कडी आता दगडासारखी झाली आहेत.

मी त्यांच्याकडे राहायला गेले ती नोकरीमुळे. गॅस मोजणारी यंत्रं बरोबर सांगतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला घेतलं होतं, आणि प्रयोगशाळा त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर होती. गेल्या गेल्या मला जाणवलं की काकूचं काहीतरी बिघडलं आहे. ही बाई कधी निवांत बसणारी नव्हती, पण हे वेगळं होतं. ती कपाट उघडायची, साबणाची वडी नाकाशी धरायची, ठेवायची. थिनरची बाटली उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. जेवताना मध्येच उठून गॅसची नळी बघून यायची. शेडमध्ये तर तिने उच्छाद मांडला होता. जी टाकी तीनदा धुवायची ती पाचदा धुवायला लावायची.

“आता काय पावडर-टिकली लावून शाळेत पाठवायची आहे तिला?” काका वैतागायचा.

“अजून एकदा धुवा. पाणी काही विकत आणायचं नाही.”

मग एका सकाळी दूध करपलं. मी अंघोळीहून बाहेर आले तर घरभर धूर होता, आणि काकू गॅसच्या ओट्याला टेकून, दुधाकडे पाठ करून पेपर वाचत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पातेल्याकडे. मग तिने पेपरची घडी घातली, फार नीट घातली, आणि म्हणाली, “कळलं ना तुला? आता तोंड मिटून ठेव.”

“काकू, कधीपासून?”

“थिनर समजून पाण्याची बाटली काकांच्या हातात दिली, त्या दिवशी मला कळलं. दोन महिने होतील.”

“आणि गेल्या दोन महिन्यांतल्या टाक्या?”

“दोन आल्या. पाच-पाचदा धुतल्या.”

“पण तू ‘द्या’ म्हणालीस.”

ती पातेलं घासायला लागली. करपलेलं दूध तसं निघत नाही, भिजवावं लागतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. “येईल परत,” ती म्हणाली. “सर्दीत नाही का जात? येईल.”

“काकांना सांग.”

“सांगितलं तर ते काम थांबवतील. नाहीतर पठ्ठ्यासारखे स्वतःच वास घेतील आणि स्वतःलाच ‘द्या’ म्हणतील. ते जास्त वाईट.” आणि मग, पातेल्यात बघूनच, “आणि मी त्या शेडमध्ये काय करू? गरम पाणी वाहू?”

मी खूप बोलले. मी शिकलेली, त्यामुळे आकड्यांत बोलले. माझ्या पिशवीत मावेल एवढं यंत्र आहे, हवेत पेट्रोलची वाफ किती ते टक्क्यांत सांगतं, मी उद्या आणते. ती म्हणाली, “तुझं यंत्र आणलं की ते विचारतीलच, का आणलं.” शेवटी आमचा करार झाला. पुढची टाकी येईल तेव्हा, आग पेटायच्या आत, ती स्वतः सांगेल. तिने नाही सांगितलं तर मी सांगेन.

“मला सांगू दे,” ती म्हणाली. “मध्ये तोंड घालायचं नाही.”

पुढची टाकी दातांच्या डॉक्टरांची. त्यांच्या वडिलांची गाडी, निळी, गोल दिव्यांची, अकरा वर्षं गॅरेजात झाकून ठेवलेली. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती आणि डॉक्टरांना त्यात जायचंच होतं. सीलर वाळायला चार दिवस लागतात, म्हणजे मंगळवारी टाकी बंद व्हायला हवी होती. काका सोमवारपासून घड्याळ बघत होता. मंगळवारी मी रजा घेतली. यंत्र पिशवीत, रुमालाखाली.

डॉक्टर सकाळीच येऊन शेडच्या दारात उभे राहिले. काकाने आत बल्ब सोडून त्यांना भोकं दाखवली.

“तीन कॅव्हिटी,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याकडे दुखत नाही, ते बरं.”

“तुम्ही भूल देता, आम्ही आग देतो,” काका म्हणाला. “बिलाच्या वेळी दोघांचेही पेशंट ओरडतात.” आणि घराकडे तोंड करून, “अगं, ये!”

काकू आली. पदराला हात पुसत आली, थांबली, पुन्हा पुसले. काका पाठ करून उभा राहिला. ती वाकली. मी तिच्या पाठीकडे बघत होते, हात पिशवीतल्या यंत्रावर. ती नळापाशी गेली. ओठ हलत होते, शंभर मोजत होती, पण मधेच थांबून तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. परत आली, वाकली. आता सांगेल, मला वाटलं. डॉक्टर कौतुकाने हसत होते. काका पाठमोराच म्हणाला, “लवकर गं, आजच सीलर ओतायचाय. गरम पाणी घालू, का राहू दे? पाचदा धुतलीय.”

ती सरळ झाली. तोंड उघडलं.

“द्या,” ती म्हणाली.

तिने ठरवून म्हटलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. तीस वर्षं त्या जागी उभं राहून, त्या पाठीकडे बघून तिने एकच शब्द म्हटला होता. तो आपोआप बाहेर पडला. काका वळला, बर्नर उचलला, गॅस सोडला. फुस्स आवाज झाला. मी ओरडणार तेवढ्यात काकू सिलिंडरवर अक्षरशः पडली. दोन्ही हातांनी चावी फिरवून बंद केली आणि तशीच सिलिंडरला मिठी मारून बसली.

“अगं, काय झालं काय?”

“मला वास येत नाही.”

“मग चांगलंच आहे की! नाही येत म्हणजे—”

“कशाचाच येत नाही. टाकीचा नाही, साबणाचा नाही. परवा दूध करपलं त्याचाही नाही.”

काकाच्या एका हातात काडेपेटी होती. त्याने ती खिशात ठेवली, मग खिशातून काढून लांब खिडकीत नेऊन ठेवली. उलट्या बादलीवर बसला.

“कधीपासून?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“अहो, दिवा गेला की अंधार होतो, कळतं. वास गेला की काही होत नाही. स्वच्छ टाकीलाही वास नसतोच ना! मी वाकायचे, काही यायचं नाही. मला वाटायचं, काम चोख झालंय.”

डॉक्टरांनी घसा खाकरला. “काही अडचण आहे का?”

“नाही डॉक्टर,” काका म्हणाला, वर छताच्या भोकाकडे बघत. “आमचं मशीन बंद पडलंय.”

काकू एकदम हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. काकाला आपण काय बोललो ते कळलं. तो उठला, तिच्या दंडाला धरून तिला सिलिंडरवरून उठवलं. “आणि मी म्हणतोय, ही एवढी धुवायला का लावते. मला वाटलं, तुला संशयाचा आजार जडला.”

तेव्हा मी पिशवीतून यंत्र काढलं. काकाने माझ्याकडे असं बघितलं की मला रजा घेतल्याचा पश्चात्ताप झाला. “तुलाही माहीत होतं? वा! म्हणजे या घरात फक्त आग धरणाऱ्याला सांगायचं नव्हतं.”

यंत्राची बारीक नळी टाकीत पडद्यापर्यंत सोडली. यंत्राच्या काचेवर आकडा आला. शून्य.

“घ्या!” काका म्हणाला. “शून्य! म्हणजे ‘द्या’ बरोबरच होतं.” तो खिडकीकडे निघालाही. घाई, राग आणि सुटल्याची भावना एकदम झाली की माणूस असाच चालतो.

“थांबा,” काकू म्हणाली. “तिसरा राहिलाय. गरम पाणी.”

“अगं, यंत्र सांगतंय—”

“यंत्राने थंड टाकी हुंगली. थंड टाकी खोटं बोलते.”

तिने स्वतः पाणी उकळून आणलं, दोन बादल्या. टाकीवर संथ ओतत राहिली. पत्रा तापला. मी आकडा वाचत होते: शून्य, शून्य, दोन. पाच. नऊ. दहाला यंत्र कर्कश वाजायला लागलं आणि डॉक्टरांच्या हातातून गाडीची किल्ली खाली पडली. आकडा सोळावर जाऊन थांबला. सोळा म्हणजे फुटण्याच्या हद्दीच्या सोळा टक्के, तसं पाहिलं तर लांब. पण ते बादलीच्या पाण्याने. बर्नरने किती झालं असतं याचं गणित मला येतं. मी ते केलेलं नाही.

काकाने काकूच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या दिवशी टाकीत थिनर आणि पुन्हा साखळी पडली, पुन्हा धुणं झालं. पडद्यामागे बोटाएवढा डिंकासारखा गोळा निघाला, अकरा वर्षांत घट्ट झालेलं पेट्रोल. पाचदाच काय, पन्नासदा धुऊनही तो साबणाने निघाला नसता. बुधवारी थंड शून्य आणि गरमही शून्य आलं. काका बर्नर घेऊन उभा राहिला, सवयीने पाठ करून.

‘द्या’ आलं नाही.

“अगं, म्हण की.”

“मी नाही म्हणणार.”

“मग यंत्राला म्हणायला सांगू?” तो माझ्याकडे वळला. “शिकवलंय का त्याला?”

काकूने माझ्या हातून यंत्र घेतलं, चष्मा वर सरकवून वाचलं. “शून्य.”

“शून्य म्हणजे?”

“शून्य म्हणजे शून्य. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.”

त्याने टाकीत पाणी भरून तोंडाला बूच मारलं आणि ती उलटी केली, भोकांच्या खाली बोटभर जागा राहील इतकंच पाणी. शिकाऊ असताना त्याच्या उस्तादाने शिकवलेली रीत होती ती. पाणी उष्णता ओढून घेतं, कथील नीट पसरत नाही, म्हणून त्याने ती कधीच सोडून दिली होती. नाक होतं ना घरात. त्या दिवशी त्याला तीन भोकांना तास लागला आणि त्याने एकदाही कुरकुर केली नाही. मग पाणी काढून टाकी वाळवली, सीलर ओतला. दोघांनी दोन टोकं धरली, डावीकडे, उजवीकडे, उलटी, उभी, काकू आकडे मोजत होती आणि काका म्हणत होता, “सावकाश, सावकाश.” जास्तीचा सीलर मधासारखा तार धरून खाली गळत राहिला. चार दिवसांचे साडेतीन झाले, पण डॉक्टर फेरीला गेले. निळ्या गाडीचा फोटो आला.

नंतर मी काकूला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकात नळी घालून बघितलं आणि तोच प्रश्न विचारला, कधीपासून? हे कळलं तर कारण शोधता येईल, म्हणाले. कदाचित गेल्या थंडीतली सर्दी, कदाचित वय, कदाचित तीस वर्षांच्या वाफाच. परत येईलही, नाहीही.

शेडमध्ये आता यंत्र आहे. उकळतं पाणी काकूच ओतते आणि आकडा तीच वाचते. गिऱ्हाइकं अजून नाकवाल्या काकूच विचारत येतात, काका त्यांना दुरुस्त करत नाही. पण काकूला चैन नाही. परवा दुपारी बघितलं तर ती दाराशी तारेपुढे उभी होती. दातांच्या डॉक्टरांच्या टाकीचं कडं तिने उजव्या टोकाला ओवलं होतं, आणि ती एकेक कडं मागे सरकवत पुटपुटत डावीकडे जात होती. हे पिवळ्या व्हॅनचं. हे त्या दोन भावांच्या जीपचं, तेव्हा मला नक्की सर्दी होती. हे त्याच्या आधीचं, त्या दिवशी मी नळापाशी दोनदा गेले होते, का बरं गेले होते? एकेका कड्यापाशी थांबून ती ते नाकाशी न्यायची, सोडून द्यायची, पुढच्याला हात घालायची. मी जवळ गेल्यावर तिने चार-पाच कडी माझ्यासमोर धरली.

“तू हुंग. येतो ना वास?”

“येतो. पेट्रोलचाच. सगळ्यांना.”

“ते माहीत आहे गं. मला दुसरंच हवंय.” तिने कडी पुन्हा तारेवर सरकवली आणि बोट एकावर टेकवलं, मग त्याच्या शेजारच्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. “यातल्या कुठल्या टाकीला मी शेवटचं खरं ‘द्या’ म्हटलं?”